त्वचेचा रोध, प्रतिकारशक्ती आणि 'ताणमापक'

प्रश्न असा आहे: तणावाच्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या बोटांना लावायच्या एका छोट्या उपकरणाचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. त्यात 'स्किन रेझिस्टन्स'ला 'त्वचेची प्रतिकारशक्ती' म्हणावं का? आणि उपकरणाला 'ताणमापक' हे नाव चालेल का?

प्रतिकारशक्ती नको. तो शब्द वाचला की रोगजंतूच आठवतात. इथे मोजायचा आहे तो विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, आणि त्याला शाळेच्या विज्ञानापासून रुळलेला 'रोध' हा शब्द आहे. म्हणून 'त्वचेचा रोध' किंवा सुटसुटीत 'त्वचारोध'.

'ताणमापक'ला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण हे उपकरण ताण मोजतच नाही. दोन बोटांना इलेक्ट्रोड लावतात, त्यांच्यात बहुधा अर्ध्या व्होल्टचा स्थिर विद्युतदाब ठेवतात आणि किती प्रवाह वाहतो ते पाहतात. मन सावध झालं की अनुकंपी चेतासंस्था (शरीराला आपोआप सज्ज करणारं मज्जातंतूंचं जाळं) घर्मग्रंथींना चालना देते, खारट घामातून वीज सहज वाहते आणि एक ते तीन सेकंदांत रोध उतरू लागतो. पण हे भीतीने होतं तसंच आनंदानेही होतं, दचकल्यावर होतं, नुसता खोल श्वास घेतला तरी होतं. भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला तर उकाड्यानेच घाम येणार! इलेक्ट्रोड जरा सरकला तरी आकडा उडी मारतो. म्हणून अशा उपकरणात तापमानाचा आणि हालचालीचा संवेदकही असलेला बरा. नावातच 'ताण' घातला, तर घामेजलेल्या कामगारावर 'घाबरट' असा शिक्का बसायला वेळ लागणार नाही. 'त्वचारोधमापक' लांब आहे, पण खरं आहे.

आणखी एक जागा जपा. उत्तेजना वाढली की रोध घटतो. पुष्कळ उपकरणं मात्र त्याचा व्यस्त, म्हणजे वाहकता दाखवतात: १०० किलोओहम रोध म्हणजे १० मायक्रोसीमेन्स वाहकता. घर्मग्रंथी समांतर जोडलेल्या वाटांसारख्या असल्यामुळे जागी झालेली प्रत्येक ग्रंथी वाहकतेत सरळ भर घालते, त्यामुळे हिशेबाला वाहकताच सोयीची. तेव्हा पडद्यावर नेमकं काय दिसतं ते आधी पाहून घ्या.

पत्रकात मी असं लिहीन: 'हे उपकरण त्वचेचा रोध मोजते. रोध घटणे म्हणजे घर्मग्रंथी अधिक सक्रिय होणे. त्याचे कारण ताण, उकाडा किंवा श्रम यांपैकी काहीही असू शकते.'