थायरॉइड कॅन्सर फुफ्फुसांत पसरलाय, आयोडीनच्या डोसाआधी काय सांभाळायचं?

आईचा पॅपिलरी कॅन्सर फुफ्फुसांत गेलाय, गळ्याचं ऑपरेशन झालंय, मुंबईला आयोडीनच्या डोसाची तारीख मिळालीय आणि घरात मासळीशिवाय जेवण होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग मासळीपासूनच सुरू करतो.

डोसाआधी साधारण दोन आठवडे शरीरातलं आयोडीन कमी करायचं, म्हणजे आयोडीनला भुकेल्या कॅन्सरच्या पेशी डोसातलं किरणोत्सारी आयोडीन ओढून घेतात आणि त्यानेच मरतात. मासळी, सुंगटं, तिसऱ्या, सुक्या बांगड्याची किसमूर बंद. आयोडीनचं मीठ नको, मिठागरातलंही नको; बिगर-आयोडीनचं शुद्ध मीठ कुठलं चालेल ते डोस देणाऱ्या विभागालाच विचारा. पाव, पापड, लोणच्यात कुठलं मीठ आहे ते कळत नाही, म्हणून तेही सोडा. दूध आणि अंड्याचा बलक टाळा. पेज, भात, भाज्या, ताजा नारळ, कोकम चालतं.

पण खरा घोटाळा होतो तो सीटी स्कॅनला. शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट आयोडीनचंच असतं. ते दिलं तर डोस दीड-दोन महिने पुढे जातो. फुफ्फुसांतल्या गाठी त्याच्याशिवायही दिसतात, तेव्हा सेंटरवर आधीच बजावून सांगा. बीटाडीनच्या गुळण्याही नकोत, त्यातही आयोडीन असतं. हृदयासाठी अमिओडारोन (यातही आयोडीन असतं) चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

डोसाच्या वेळी रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या पेशींना चेतवणारा हार्मोन, 30च्या वर लागतो. त्यासाठी थायरॉक्सिन (थायरॉइडची रोजची गोळी) 3-4 आठवडे बंद ठेवतात किंवा टीएसएचचीच महागडी इंजेक्शनं देतात. मणक्यात वा मेंदूत गाठ असेल तर आधी बोला. टीएसएच चढल्यावर ती सुजून दाब आणू शकते.

डोस बहुधा 100 ते 200 मिलीक्युरी (किरणोत्साराचं माप), मग दोन-तीन दिवस वेगळी खोली. परतीला रात्रीची स्लीपर बस नको, शेजारी गरोदर बाई किंवा मूल असू शकतं. कधी आणि कसं निघायचं ते तिथल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारा.

पुढचं सगळं डोसानंतरच्या स्कॅनवर. गाठींनी आयोडीन घेतलंच नसेल तर तोच डोस पुन्हा देण्यात माझ्या मते अर्थ नाही. वाढ मंद असेल तर थायरॉक्सिनने टीएसएच 0.1च्या खाली दाबून दर 3-6 महिन्यांनी स्कॅन बघत थांबणं हाही उपचारच. गाठी भराभर वाढल्या तर लेन्व्हॅटिनिब ही कॅन्सरची वाढ रोखणारी गोळी, सुरुवात सहसा रोज 24 मिलिग्रॅमने. त्याआधी गाठीची जनुक तपासणी मागा, कारण बीआरएएफ किंवा आरईटी या जनुकांत बदल सापडला तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. लेन्व्हॅटिनिबने रक्तदाब पहिल्या काही आठवड्यांतच चढतो. बीपीचं मशीन गोळी सुरू करण्याआधी घरी आणा.