सायकसच्या पालवीवरील निळी फुलपाखरे

प्रश्न : आमच्या सोसायटीतील सायकसला नवी पाने फुटतात, परंतु उलगडण्याआधीच ती कुरतडलेली दिसतात. त्याच सुमारास तेथे लहान निळी फुलपाखरे घिरट्या घालतात आणि पालवीवर मुंग्याही असतात. यांचा परस्परांशी संबंध आहे काय? औषध फवारावे काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : संबंध आहे. हे फुलपाखरू म्हणजे प्लेन्स क्यूपिड. शास्त्रीय नाव ल्यूथ्रोडिस पांडवा. टॉमस हॉर्सफिल्ड यांनी १८२९ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. पंख उघडल्यावर नर जांभळट निळा दिसतो; मादीच्या निळ्या रंगाला रुंद तपकिरी किनार असते. मागच्या पंखांना बारीक शेपटी आणि तिच्याजवळ नारिंगी कडेचा काळा ठिपका, ही ओळखीची खूण.

सायकसची जून पाने इतकी कडक असतात की अळीला ती खाता येत नाहीत. म्हणूनच मादी नेमकी कोवळी पालवी शोधून तिच्यावर अंडी घालते आणि पाने कडक होण्यापूर्वी अळ्यांना आपली वाढ उरकावी लागते. अळीच्या पाठीवरील एका ग्रंथीतून गोड द्रव पाझरतो. तो मिळावा म्हणून मुंग्या तिच्याभोवती राहतात आणि तिच्या शरीरात अंडी घालू पाहणाऱ्या परोपजीवी कीटकांना हुसकावतात. पाने मुंग्या खात नाहीत. पण खाणाऱ्याला संरक्षण मात्र त्याच देतात.

भारतात सायकसच्या देशी जातींवर, तसेच शेंगवर्गीय वनस्पतींवर हे फुलपाखरू पूर्वापार जगत आले आहे. शोभेच्या जपानी सायकसमुळे त्याला शहरांतही खाद्य मिळाले. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर मात्र चित्र गंभीर आहे. तेथील जंगलात विपुल असलेल्या स्थानिक सायकसवर २००३ मध्ये बाहेरून आलेली खवले कीड आढळली आणि २००५ मध्ये हे फुलपाखरूही पोहोचले. या दुहेरी माऱ्यानंतर ती जात संकटग्रस्त ठरली.

आपल्या बागेसाठी फवारणीची घाई करू नये, असे आमचे मत आहे. खोडातील पिष्टमय साठ्यामुळे सशक्त झाड एखादा बहर गमावूनही सावरते. वारंवार पालवी गेल्यास मात्र ते खंगते. शेंड्यावर नवी पाने डोकावू लागताच त्यांवर बारीक जाळीचे कापड सैलसर बांधावे आणि पाने कडक झाल्यावर ते काढावे. अंडी आधीच घातलेली असल्यास जाळीचा उपयोग नाही; तेव्हा पालवीवर दररोज नजर टाकून अळ्या हाताने वेचाव्यात.