सीडी संगणकावर घेताना ३२० केबीपीएस एमपीथ्री पुरे की फ्लॅकच हवं?

फ्लॅक करा. फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता फाइल लहान करणारा प्रकार; एमपीथ्री काही भाग टाकून लहान करतं, आणि केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला किती किलोबिट ठेवायचे तो आकडा. "फरक माझ्या कानांना कळत नाही, मग दुप्पट जागा का घालवू?" असं तुम्ही विचारलंय, आणि नेमक्या याच वाक्यावरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे वडील पेटी वाजवायचे. रियाजाला बसले की शेजारी टेप चालू असायचा, त्यामुळे घरात कॅसेटींचा ढीग होता. दादाने त्या संगणकावर घेतल्या त्या थेट १२८ केबीपीएस एमपीथ्रीत. मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी वेव्हमध्ये (न दाबलेल्या, जशाच्या तशा आवाजाच्या फाइलीत) घे, मग त्याचं हवं ते कर. "ऐकायला ठीक वाटतंय ना, मग झालं," हे त्याचं उत्तर. वर जागा अडते म्हणून कॅसेटी टाकूनही दिल्या. पुढे वडील गेले. त्या रेकॉर्डिंगमधली टेपची खरखर कमी करावी म्हणून मी बसलो. त्यासाठीची सॉफ्टवेअरं शांत जागेतल्या खरखरीचा नमुना घेतात आणि तेवढी बाकीच्या आवाजातून वजा करतात. पण मोठ्या आवाजाआड बारीक आवाज कानाला कळत नाही, या हिशेबाने एमपीथ्रीने बारीकसारीक तपशील आधीच फेकलेला असतो. खरखर काढली की ही फेकाफेक उघडी पडते. पेटीचे सूर पाण्याखालून आल्यासारखे यायला लागले. वडील भाता फार हलक्या हाताने चालवायचे, ते त्या आवाजातून जाणवायचं. ते गेलं, आणि आता कुठूनही परत मिळणार नाही.

दादा अजून म्हणतो, "डोळे मिटून ओळखून दाखव." नाही ओळखता येणार. लेमसारख्या चांगल्या एन्कोडरने (एमपीथ्री बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) केलेली ३२० ची फाइल सीडीपासून वेगळी ओळखणं अंध चाचणीत बहुतेकांना जमत नाही, हे मला मान्य आहे. पण संग्रहाचा प्रश्न कानाचा नाहीच. त्या फाइलीपासून उद्या दुसरी फाइल करता येईल का, हा प्रश्न आहे. एमपीथ्रीवरून एएसी, एएसीवरून ऑपस (हेही एमपीथ्रीसारखेच काही भाग टाकणारे प्रकार), अशा दर फेरीत काहीतरी गळतं. फ्लॅकमधून मात्र सीडीवरचा एकूण एक बिट जसाच्या तसा निघतो, तोही मूळच्या साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत. शिवाय फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे त्यावरून काढलेला तपासणीचा आकडा, नोंदलेला असतो, त्यामुळे फाइल मध्येच खराब झाली का हे कितीही वर्षांनी तपासता येतं. वेव्हमध्ये ही सोय नाही, आणि तिथे टॅगचीही (गाणं, गायक अशा नोंदींची) बोंब. २००१ पासून फ्लॅक खुलं आहे, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

फोनवर जागा कमी आहे म्हणताय, तर त्याच फ्लॅकवरून १२८ ची ऑपस काढा, नाहीतर २५६ ची एएसी. भरपूर झालं. ती उडाली तर पुन्हा काढायची. ॲपलची जुनी उपकरणं असतील तर फ्लॅकऐवजी एएलएसी, म्हणजे ॲपलचा तसाच काही न टाकणारा प्रकार, घेतलं तरी चालेल. यातून त्यात कितीदाही नेलं तरी काही हरवत नाही. फ्लॅकच्या कॉम्प्रेशनची पातळी (फाइल किती दाबायची) ० की ८ यावर डोकं खपवू नका, आवाज सगळीकडे तोच.

सीडी वाचायला मात्र एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं, ॲक्युरेटरिपशी, म्हणजे इतरांनी घेतलेल्या त्याच सीडीच्या नोंदींशी, ताडून बघणारं सॉफ्टवेअर वापरा. ओरखडे पडलेल्या सीडीवरून चुकीचे बिट आले तर फ्लॅक ते चुकीचेच इमानाने जपेल. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

हो, एक राहिलं. हे सगळं तुमच्याकडे सीडी आहेत म्हणून. जी गाणी आधीच एमपीथ्रीत आहेत ती फ्लॅकमध्ये बदलत बसू नका, नुसता आकार वाढेल. १२८ चं ३२० करणं तर त्याहून वाईट, कारण त्यात आणखी एकदा गळती होते. ती आहेत तशीच राहू द्या.