पटावरचे पानिपत

प्रश्न : आम्ही चार मित्र पानिपतावर संगणकावरचा डावपेचांचा खेळ बनवत आहोत. मराठा फौजेतील प्रत्येक स्वाराला एकसारखा अंगरखा आणि दांडपट्टा दिला आहे. हे इतिहासाला धरून होईल का?
– एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : एकसारखा अंगरखा काढून टाकावा. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई, त्यामुळे ज्याची जशी ऐपत तसा त्याचा सरंजाम असे. शंभर स्वार एकाच साच्यातून काढणे ही चित्रकाराची सोय झाली. शिस्तीची रांग दाखवायचीच असेल (आणि ती हौस समजण्यासारखी आहे), तर इब्राहिमखान गारद्याचे बंदूकधारी कवायती पायदळ आहेच. दांडपट्टा सरसकट देण्यापूर्वी फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात एक फेरी मारावी. पट्ट्याच्या खोबणीत मूठ शिरली की मनगट वळत नाही, वार खांद्यातून करावा लागतो. भाल्याला तो पर्याय नव्हे.

माझ्या मते खरी चूक पोशाखापेक्षा फौजेला दिलेल्या ताकदीच्या आकड्यांत होते. १४ जानेवारी १७६१ रोजी मैदानात उतरलेली मराठा फौज रसद तुटल्याने उपाशी होती, घोडी खंगलेली होती आणि बरोबर यात्रेकरूंसह बिनलढाऊ माणसांचा मोठा जमाव होता. तुमच्या खेळात दोन्ही बाजू ताज्यातवान्या सुरुवात करत असतील, तर अब्दालीच्या उंटांवरील जंबुरके (हलक्या तोफा) कितीही हुबेहूब रेखाटली तरी ते पानिपत होणार नाही.