राउटरला पिंग जातो, पण एसएनएमपी टाइमआउट येतो. काय तपासू?

तुमचं म्हणणं असं की कुडाळच्या ऑफिसातून मालवणच्या राउटरला पिंग जातो, मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र टाइमआउट, म्हणजे उत्तरच येत नाही. शिवाय परवा लाइट जाऊन आल्यापासून दुसऱ्या एका राउटरचा ग्राफ भलताच दिसतोय. मी रत्नागिरीत बसून खाली राजापूरपर्यंतचे राउटर बघतो, दोन्ही दुखणी भोगून झालीत.

पिंग गेला म्हणजे वाट मोकळी आहे, एवढंच कळलं. एसएनएमपी (राउटरकडे त्याची माहिती मागण्याची पद्धत) यूडीपीच्या १६१ पोर्टवर चालतं आणि त्याची खोड अशी, की कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्डच म्हणा) चुकली तर राउटर 'चूक' असंही म्हणत नाही, गप्प बसतो. फायरवॉलने अडवलं तरी तेच, अ‍ॅक्सेस लिस्टने (कोणत्या आयपीला उत्तर द्यायचं त्या राउटरमधल्या यादीने) अडवलं तरी तेच.

म्हणून आधी सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. ते ज्या सर्व्हरवर आहे तिथूनच (आपल्या लॅपटॉपवरून नको) एसएनएमपीगेट या कमांडने १.३.६.१.२.१.१.३.० हा ओआयडी, म्हणजे माहितीच्या एका नोंदीचा क्रमांक, मागा. हा अपटाइम, राउटर किती वेळ सलग चालू आहे तो. तो आला तर घोळ सॉफ्टवेअरमधल्या नोंदीत: व्हर्जन वेगळं, लहान-मोठं अक्षर, नाहीतर कॉपी-पेस्ट करताना कम्युनिटीच्या शेपटीला चिकटलेली स्पेस. नाही आला तर अ‍ॅक्सेस लिस्ट. माझे गेल्या पावसात यात दोन दिवस गेले. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, लिस्टमध्ये एकाचाच आयपी, आणि पॅकेट निघतंय दुसऱ्यावरून! शेवटी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावला, सोर्स आयपी वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही पहिल्या तासातच लावा.

लाइटवाला ग्राफ: राउटर रीस्टार्ट झाला की काही मॉडेलांत इंटरफेसचे नंबर, म्हणजे इफइंडेक्स, बदलतात. सॉफ्टवेअर जुन्याच नंबराला विचारत राहतं आणि लिंकच्या जागी भलत्याच पोर्टचा ग्राफ काढतं. इंटरफेस पुन्हा डिस्कव्हर करा. सिस्कोच्या बऱ्याच राउटरांवर इफइंडेक्स पर्सिस्टची (रीस्टार्टनंतरही नंबर तेच ठेवण्याची) सोय असते, ती चालू करून ठेवा. (तो अपटाइमचा आकडा ४९७ दिवसांनी शून्यावर येतो म्हणे, आमच्याकडे पावसाळा ओलांडून तेवढा टिकलेला राउटर अजून दिसायचाय.)

एसएनएमपीच्या व्हर्जन १ वर असाल तर २सी वर या. १ मध्ये ६४ बिटी काउंटर (लिंकवरून किती बाइट गेले ते मोजणारे आकडे) मिळत नाहीत, आणि ३२ बिटी काउंटर १०० एमबीपीएसच्या भरलेल्या लिंकवर पावणेसहा मिनिटांत फिरून शून्यावर येतो. पोलिंग (राउटरला दर किती वेळाने विचारायचं ते) दहा मिनिटांचं ठेवलंत तर ग्राफ बिनदिक्कत खोटं सांगेल.

एसएनएमपीगेट चालवून काय आलं ते इथे टाका. कम्युनिटी तेवढी झाका.