ब्लेझ डिआन्य : आमदार की खासदार?

सेनेगलच्या (पश्चिम आफ्रिकेतली तेव्हाची फ्रेंच वसाहत) ब्लेझ डिआन्य यांच्यावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : वसाहतीतल्या या लोकप्रतिनिधीला आमदार म्हणावे की खासदार?

खासदारच. आमदार बसतो तो राज्याच्या विधिमंडळात. डिआन्य 1914 साली निवडून गेले ते थेट पॅरिसच्या संसदेत, आणि 1934 साली वारले तोवर तिथलेच सदस्य होते. वसाहतीतला माणूस म्हणजे पद धाकटेच असणार, असे आपण धरून चालतो, म्हणून 'आमदार' सुचतो. आपल्या दादाभाई नौरोजींना 1892 साली ब्रिटिश संसदेत पाठवणारे मतदार लंडनचे होते. डिआन्य यांचे मतदार मात्र आफ्रिकेतले.

पण नुसते 'सेनेगलचे खासदार' लिहू नका. मताचा हक्क डाकार, सँ-लुई, रुफिस्क आणि गोरे बेट (डिआन्य यांचे जन्मस्थान) या चारच नगरांना होता. बाकीचे सेनेगली फ्रान्सची प्रजा, म्हणजे फ्रान्सच्या सत्तेखाली पण नागरिकाच्या हक्कांविना; नागरिक नव्हेत. मराठीत हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. इथे तसे केले तर सगळा विषयच हातातून निसटतो. या चार नगरांतल्या काळ्या रहिवाशांना मत होते, तरी त्यांच्या नागरिकत्वावर वाद चालू असे. 1916 साली डिआन्य यांनी कायदा करवून घेतला आणि ते रहिवासी व त्यांचे वंशज फ्रेंच नागरिक ठरले. नगरांबाहेरची माणसे प्रजाच राहिली. पुढे 1918 मध्ये डिआन्य यांनी पश्चिम आफ्रिकेत फिरून फ्रान्सच्या सैन्यासाठी हजारो तरुण भरती केले, ते मुख्यतः या प्रजेतले. लेखात दोन्ही शब्द काटेकोरपणे वापरलेत तरच त्यांच्या कर्तबगारीबरोबर हे दुखणेही वाचकाला कळेल.

'पहिले कृष्णवर्णीय खासदार' हेही बरोबर नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात कॅरिबियन वसाहतीतून कृष्णवर्णीय झां-बाप्तिस्त बेले खासदार म्हणून पॅरिसला गेले होते. 'आफ्रिकेतून फ्रेंच संसदेत निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी' असे लिहा. लांबते, पण खरे आहे.

डिआन्य डाकारचे नगरप्रमुखही होते. त्यासाठी 'महापौर' घ्यावा, कारण फ्रेंच पद्धतीत नगरप्रमुखाला निवडून आलेले नगरसेवकच निवडतात, आपल्याकडे महापौराला निवडतात तसे.