थंडीत अडीच वर्षांची आणि चार महिन्यांचं: कपडे, न्हाणं, सर्दी आणि रात्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळच्या गावात कौलारू घर, थोरली अडीच वर्षांची, धाकटं बाळ चार महिन्यांचं. थोरलीची सर्दी बाळाला लागली आहे, रात्री दोघंही उठतात, स्वेटर कधी घालायचा आणि कधी काढायचा ते ठरत नाही, आणि धुरी-शेगडीवरून घरात दोन मतं आहेत.

आधी आपली थंडी कशी आहे ते बघू, कारण इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले दिल्लीच्या किंवा परदेशातल्या थंडीसाठी लिहिलेले असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीत पहाटे पारा साधारण १८ ते २० अंशांवर असतो आणि दुपारी ३० च्या वर जातो. दापोलीसारख्या पठारावर तो याहून बराच खाली उतरतो, पण दुपार तिथेही उबदारच. पहाटे जमिनीकडून कोरडा मतलई वारा सुटलेला असतो, दुपारनंतर समुद्राकडून दमट खारा वारा येतो. म्हणजे एकाच दिवसात मुलांच्या अंगाला दोन ऋतू सोसावे लागतात. या हवेत बाळ गारठून आजारी पडण्याची शक्यता कमी. सकाळचे कपडे दुपारपर्यंत अंगावर राहिले, खोली बंद करून धूर केला, किंवा शेंबडाचे हात बाळाच्या तोंडाला लागले, तर मात्र त्रास होतो. माझं सगळं उत्तर या तीन गोष्टींभोवतीच आहे.

कपडे घड्याळ बघून बदला. सकाळी नऊपर्यंत बाळाला आत सुती झबलं, वर फ्लॅनेलचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा, पायमोजे, आणि अंगणात नेणार असाल तरच टोपडं. साडेनऊ-दहाला अंगरखा काढायचा. अकरा ते पाच एकच सुती थर पुरतो. दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा पूर्ण बाह्या. आपल्याला जितके थर लागतात त्यापेक्षा बाळाला एक जास्त, इतकंच धोरण ठेवा. थंडी वाजते का हे हातपाय चाचपून ठरवू नका. लहान बाळाचे तळवे एरवीही गारच लागतात. मानेच्या मागे आणि छातीवर हात ठेवून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी, गार लागलं तर एक थर जास्त. मानेच्या घडीत बारीक लाल पुरळ दिसलं तर ते बहुधा घामोळं असतं, थंडीतसुद्धा. लोकरीचा स्वेटर थेट कातडीला लागू देऊ नका. कुंचीचे बंद गळ्याशी बांधून बाळाला झोपवू नका.

थोरलीचा प्रश्न वेगळा. ती धावते, घामेजते आणि मग तशीच पडवीत वाऱ्याला बसते. तिला दोन पातळ थर द्या आणि पाठीवरचा ओला बनियन दिवसातून एक-दोनदा बदला. कोबा आणि लादी पहाटे गार असते, तेवढ्या वेळापुरते घरात चपला किंवा रबरी तळ्याचे मोजे. साधे मोजे लादीवर घसरतात.

कौलारू घरात वारा कौलांच्या फटींतून वरून उतरतो, म्हणून खिडक्या गच्च लावूनही पहाट गार वाटते. झोपायला माजघर किंवा समुद्राच्या आणि परसाच्या बाजूच्या भिंती नसलेली खोली निवडा. खिडकी पूर्ण बंद करण्याची गरज नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची चार बोटं उघडी ठेवा. एका खोलीत चार माणसं झोपतात तेव्हा सर्दीचे विषाणू कोंडलेल्या हवेत टिकून राहतात.

आता धुरी. ओवा, लसणाच्या साली, धूप निखाऱ्यावर टाकून पाळण्याखाली धुरी देण्याची पद्धत घराघरांत आहे आणि ती मायेपोटीच आहे, पण चार महिन्यांच्या फुप्फुसांना कुठलाही धूर नको. सर्दी झालेली असताना तर मुळीच नको, कारण सुजलेल्या श्वासनलिका धुराने आणखी आवळतात. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवणं त्याहून धोक्याचं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेत कळतही नाही. सासूबाईंना ऊबच द्यायची असते, ती वेगळ्या मार्गाने द्या: दुपटं इस्त्री करून त्यात बाळाला घ्या, तेल लावण्याआधी तळहात चोळून गरम करा, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं ठेवा आणि बाळाला ठेवण्याआधी ती काढून घ्या. मच्छर कॉइलही धूरच, तिच्याऐवजी मच्छरदाणी, गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली.

कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधू नका. दोरा गळ्याला आवळू शकतो, आणि कापूर मुलाच्या पोटात गेला तर फिट येऊ शकते. याच कारणाने दोन वर्षांखालील मुलांना कापूर असलेला बाम छातीला किंवा नाकाला लावायचा नाही. डबी थोरलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

न्हाणं रोज घातलं तरी चालतं, थंडीत एक दिवसाआड घातलं तरी काही बिघडत नाही. वेळ सकाळची साडेदहा ते बारा. सहा वाजता सगळ्यांच्या आधी उरकून घेण्यात काही फायदा नाही. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून बाटली गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं धरा. विस्तवावर तापवू नका. मोहरीचं तेल टाळा, बाळाच्या कातडीला ते चुरचुरतं आणि तिचा थर बिघडवतं. मालीश हलक्या हाताने, दहा मिनिटं पुष्कळ. नाकात, कानात, टाळूवर तेलाची धार नको. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

बादलीत आधी गार पाणी, मग बंबातलं किंवा पाणचुलीवरचं कढत पाणी. उलट केलं आणि मध्येच कोणी हाक मारली तर कढत पाण्याची बादली थोरलीच्या समोर राहते. कोपर बुडवून बघा, पाणी कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. दोघांना एकटीने न्हाऊ घालायचं असेल तर आधी थोरली, तिला कपडे घालून तुमच्या नजरेसमोर पाटावर बसवा, मग बाळ. पाच ते सात मिनिटांत उरका. डाळीच्या पिठाने घासू नका, कोरड्या हवेत कातडी आणखी फुटते. टिपून घेतल्यावर अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. कातडी कोरडी झाल्यावर लावलेलं तेल नुसतं वर तरंगतं.

दुपटी-लंगोट दहा ते चार या वेळात कडक वाळतात. पाचच्या आत आत घ्या. रात्रभर दोरीवर राहिले तर दव पडून पुन्हा दमट होतात, आणि दमट लंगोटाने रॅश येते.

सर्दीचं सांगायचं तर ती थोरलीकडून बाळाकडे हातांनी जाते, खेळताना खोकला-शिंक तोंडावर आली तर तशीही जाते. तिला "बाळाजवळ जाऊ नको" असं सांगून उपयोग नाही, अडीच वर्षांचं मूल ते पाळत नाही आणि रुसून बसतं. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि बाळाला हात लावायचा तो पायांना, पापा घ्यायचा तो पायांचा, हे मात्र तिला जमतं. खेळणी, वाटी-चमचा, रुमाल वेगळे.

बाळाचं नाक चोंदलं की ते दूध ओढू शकत नाही, म्हणून पाजण्याआधी दहा मिनिटं आणि झोपवण्याआधी मिठाच्या पाण्याचे तयार ड्रॉप्स प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाका. मिनिटभर थांबा, मग सैल झालेला शेंबूड रबरी पंपाने हलकेच काढा. पंप आधी दाबायचा, मग नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचा, मग सोडायचा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढलं तर आतलं अस्तर सुजतं आणि नाक जास्तच चोंदतं. दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला पाणी नको, गुटी नको, मध तर वर्षापर्यंत नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात. थोरलीला मात्र खोकल्यासाठी रात्री अर्धा चमचा मध चालतो. आईने दही, केळं सोडायचीही गरज नाही. पातेल्यातली वाफ देऊ नका. लहान मुलं घरात असताना उकळत्या पाण्याचं पातेलं जमिनीवर आलं की भाजण्याचा धोका असतो.

खोकल्याचं औषध दुकानातून स्वतःहून आणू नका. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत असं स्पष्ट सांगितलं आहे. तापाच्या पॅरासिटामॉलमध्ये एक चूक घरोघरी होते, ती नीट समजून घ्या. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी बाळाच्या वजनावरून ९० मिलिग्रॅम सांगितलं असेल, तर ड्रॉप्स ०.९ मिली होतात आणि सिरप पावणेचार मिली. सिरपचं माप ड्रॉप्सच्या बाटलीतून दिलं तर चौपट औषध पोटात जातं. थोरलीची आणि बाळाची बाटली वेगळ्या फळीवर ठेवा, बाटलीवर नाव आणि मिली लिहून ठेवा.

डॉक्टरकडे कधी न्यायचं हे श्वास मोजून ठरवा. मूल शांत असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, कण्हण्याचा आवाज येत असेल, ओठ निळसर असतील, बाळ दूध सोडत असेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न बघता १०८ ला फोन करा. "पोट उडतंय" म्हणून बिब्ब्याचे चटके देणारे अजून आहेत. त्यात वेळ जातो आणि बाळाला जखम होते ती वेगळीच.

रात्री बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशीही नको. सर्दी आहे म्हणून डोक्याखाली घड्या घालून उंची देऊ नका. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि आधीच चोंदलेलं नाक असताना श्वासाची वाट आणखी अरुंद होते, म्हणून सपाट तळाचा पाळणा बरा. वाकळ बाळाच्या अंगावर नको, त्याऐवजी आणखी एक थर घाला. हात बांधून गुंडाळणं आता चार महिन्यांना बंद करा, कारण पालथं पडायला सुरुवात होते. थोरली आणि बाळ शेजारी-शेजारी झोपणार नाहीत असं बघा. थोरली पांघरूण लाथाडतेच, तिला पूर्ण पायजमा घाला आणि पांघरुणाचा नाद सोडा.

खाण्यात थोरलीसाठी आपल्याकडे थंडीत भरपूर आहे: नाचणीची आंबील, कुळथाची पिठी आणि मऊ भात, उकडलेलं रताळं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, जास्त दुधाने जेवण मागे पडतं, शी कडक होते आणि लोह कमी पडतं. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, तेव्हा तासाभराने दोन घोट आपणच पुढे करा. बाळाला डी जीवनसत्त्वाचे थेंब दिवसाला ४०० युनिट वर्षभर, कोवळ्या उन्हात नेत असलात तरी. थेंबांच्या बाटल्याही वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, एका मिलीत किती युनिट ते वाचून द्या.

घराला लागून हापूसची बाग असेल तर मोहोराच्या दिवसांत फवारणी कधी आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. त्या दिवशी खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आत, मुलं खळ्यात नाहीत. फवारणी करून आलेल्या माणसाने न्हाऊन कपडे बदलल्याशिवाय मुलांना उचलू नये. ते कपडे वेगळे धुवा. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बाळाचं बोरन्हाण कराल. बोरं, हरभरे, उसाचे करवे, काटेरी हलवा, शेंगदाणे, सगळं चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकणारं आहे, आणि थोरली ते वेचून तोंडात घालणारच. बाळाच्या डोक्यावर फुलांच्या पाकळ्या आणि मूठभर चुरमुरे टाका, बाकीचं सूपभर बाजूला ठेवून मोठ्या मुलांना वाटा. हलव्याचे दागिने फोटोपुरते, तेही मोठ्या माणसाच्या मांडीवर. कार्यक्रम संपल्याबरोबर चटई झटकून खालची जमीन झाडून घ्या, मगच दोघांना खाली सोडा.